चुडीगल्लीतले दोनशे अंगठे

१

पेटी उघडली तेव्हा माझ्या वहीत एकसष्ट बायका होत्या आणि टेबलावर दोनशे एकसष्ट कागद.

मी दोनदा मोजले. शम्साने तिसऱ्यांदा मोजले आणि माझ्याकडे असं बघितलं, की जणू उरलेले दोनशे मीच अंगरख्यातून आणले होते. सकाळी आठपासून प्रत्येक बाईच्या अंगठ्याला काळी शाई मी लावली होती. एकसष्टच. आम्ही तिघी मास्तरणी धरून.

डिसेंबर चौऱ्याऐंशी, सिंधमधलं हैदराबाद. आता सत्तरी उलटली, सकाळी चष्मा कुठे ठेवला ते मला आठवत नाही, पण त्या दिवशीचं उन्ह वर्गात कोणत्या बाकापर्यंत आलं होतं ते सांगू शकते. देशाची सत्ता घेतलेल्या जनरलसाहेबांनी सगळ्या मुलखाला एक सवाल विचारला होता, देशाचे कायदे इस्लामला धरून करायच्या कामाबद्दल. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. ओळखपत्र नको, यादी नको, कुठेही जा आणि मत द्या. विरोधी पक्षांनी बहिष्कार पुकारला होता, आणि बहिष्काराचा उघड प्रचार केला तर तुरुंग. आमची मुलींची शाळा चुडीगल्लीत, म्हणून बायकांचं केंद्र तिथे. हेडमिस्ट्रेस कुदसिया, सगळ्यांच्या बाजी म्हणजे ताई, केंद्रप्रमुख, मी शाईवर, आणि शम्सा कागद फाडून द्यायला.

“नय्यरा, जास्तीचे कागद वेगळे कर,” कुदसिया बाजी म्हणाल्या. आवाज तोच, पाढे म्हणवून घेतानाचा.

“वेगळे कसे करू बाजी? कागद सगळे सारखेच.”

“मोहर बघ.”

मी बघितली. छप्पन्न कागदांवर ‘हो’च्या वर्तुळात मोहर होती. बाकी सगळ्यांवर, दोनशे पाच कागदांवर, ‘नाही’.

दारातून कोणीतरी मोठ्याने श्वास घेतला. कौन्सिलर इख्लाक साहेबांच्या बेगम मेहरअफरोज मिठाईचा डबा घेऊन उभ्या होत्या, मेंदीचा वास सोडत. त्यांच्यामागे कॅप्टन सरफराज. पेट्या न्यायला ट्रक आला होता.

“दोनशे ‘नाही’?” बेगमसाहिबांचा चेहरा पांढरा पडला. मग एकदम त्यांचा हात वर झाला, अंगणात झाडू मारणाऱ्या बाईकडे. “हे त्या मासीचं काम! तिचा पोरगा घोषणा देताना पकडलाय, जेलात आहे. दुपारी इथे तीच होती!”

कॅप्टनने शिपायाला नुसती मान हलवली. बख्तावर मासीच्या हातातला झाडू खाली पडला.

२

“सूर्यास्ताला मगरिबची अजान झाली की ट्रक निघेल,” कॅप्टन म्हणाला. वय असेल अठ्ठावीस, मिशी नुकतीच राखलेली. “ट्रकमागे जीप. जीपमध्ये ही बाई. फौजी अदालतीपुढे उभी राहील, तीन वर्षं कुठे गेली नाहीत.”

“कॅप्टनसाहेब, अजानला अजून सव्वा तास आहे,” कुदसिया बाजी म्हणाल्या. “तेवढा वेळ हे केंद्र माझ्या ताब्यात आहे. बसा. चहा मागवते.”

“मॅडम, यात बघायचंय काय?”

“माझ्या शाळेत चोरी झाली की आधी मी बघते. मग तुम्ही.”

तो बसला. त्यांच्यापुढे भलेभले बसत. त्यांनी दोन पिढ्यांना अलिफ-बे शिकवलं होतं आणि एकदा म्हटलेलं दुसऱ्यांदा म्हणायची वेळ त्यांच्यावर कोणी आणली नव्हती.

मासीला आत आणलं. पन्नाशीची विधवा. दिवसा आमच्या शाळेत झाडलोट करायची, संध्याकाळी घरी बांगड्या सांधायची. त्या गल्लीत दुसरा धंदाच नव्हता. कारखान्यातून काचेच्या उघड्या तोंडाच्या बांगड्या यायच्या आणि प्रत्येक घरात बायका रॉकेलच्या बारीक ज्योतीवर त्यांची तोंडं जुळवत बसायच्या. पाऊण मैलावरून तो वास यायचा. आज कुठे स्टोव्ह भडकला की मला आधी ती गल्ली आठवते.

“मासी, दुपारी आम्ही वर नमाजला आणि जेवायला गेलो. इथे कोण होतं?”

“मी होते बाजी. दारापाशी.”

“पूर्ण वेळ?”

मासीने ओढणी सारखी केली. मग म्हणाली, “बेगमसाहिबांनी पुलावाची देग आणली ना. त्या म्हणाल्या, वर वाढायला जा, आणि मग भांडी घास. मी गेले. बाजी, तुम्हीच बोलला होतात की दार सोडू नकोस. चूक झाली.”

“म्हणजे खोली रिकामी होती?”

“बेगमसाहिबांचं डोकं दुखत होतं. त्या आत टेकल्या होत्या.”

“खोटं!” बेगमसाहिबा म्हणाल्या. “मी पाच मिनिटं बसले आणि मोटारीत गेले. हिने रिकामी खोली बघितली आणि डाव साधला. पोराचा सूड!”

“माझ्या पोराचं नाव घेऊ नका,” मासी म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. “त्याला शिक्षा झालीय, तो भोगतोय. तुमच्या दारात भीक मागायला तर आला नाही.”

कुदसिया बाजींनी मध्ये हात धरला. “शम्सा, आजची कागदांची बुकं आण. फाडून उरलेल्या स्थळप्रतींसकट.”

शम्सा टेबलाचा खण उघडून परत आली आणि तिने बुकं बाजींपुढे मांडली. “बाजी, मी एकच बुक वापरलं. पण फाडलेली बुकं तीन आहेत.”

३

तेव्हाची पद्धत अशी की कागद फाडून द्यायचा आणि बुकात उरलेल्या तुकड्यावर, स्थळप्रतीवर, बाईचा अंगठा घ्यायचा. जांभळ्या शाईच्या गादीवर टेकवून. शम्साच्या बुकात असे एकसष्ट अंगठे होते. बाकीच्या दोन बुकांत शंभर-शंभर.

“वा,” कॅप्टन म्हणाला. “म्हणजे ठसे मिळाले. कराचीहून तज्ज्ञ बोलावू, जुळवून बघेल.”

“आणि किती दिवसांनी येईल?”

“आठवडा. दोन आठवडे.”

“तोवर मासी कुठे?”

कॅप्टनने चहाचा घोट घेतला. हेच त्याचं उत्तर होतं.

बाजींनी भिंग मागवलं, चौथीच्या मुलींना मुंगीचे पाय दाखवायचं. त्या खिडकीशी उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, “नय्यरा, तू आधी शम्साचं बुक बघ. काय दिसतं?”

“डाग बाजी. जांभळे डाग. राजम्याच्या दाण्यासारखे.”

“रेषा?”

मी पानं उलटली. “फक्त तीन ठशांना रेषा आहेत. हा तुमचा, हा माझा, हा शम्साचा. बाकी सगळे कोरे.”

“आता ही दोन बुकं.”

पहिल्या पानावरच माझं तोंड उघडं राहिलं. रेषा अशा स्वच्छ, की नांगरलेलं शेत वाटावं. दुसऱ्या पानावर तशाच. पन्नासाव्या पानावर तशाच.

“मासी, तुझा अंगठा दे.” बाजींनी स्वतः तिचा अंगठा गादीवर टेकवला आणि कोऱ्या कागदावर उमटवला. मग तो कागद कॅप्टनच्या चहाच्या कपाला टेकवून ठेवला. त्यावर एक डाग होता. गुळगुळीत, बिनरेषेचा.

“हे काय?” कॅप्टन म्हणाला.

“चुडीगल्ली,” बाजी म्हणाल्या. “तापल्या काचेची टोकं चिमटीत धरायची, दिवसाला शेकड्यांनी. आठ वर्षांची पोरगी कामाला बसते आणि बारा वर्षांची होईपर्यंत अंगठा पुसला जातो. या गल्लीतल्या एका बाईच्या बोटाला अल्लाने दिलेल्या रेषा राहिलेल्या नाहीत. हे दोनशे अंगठे गल्लीतले नाहीत. मासीचे तर नाहीतच. आणि सगळे एकाच हाताचे आहेत.”

“मग बाई, तुमच्या तिघींपैकी कोणीतरी!” बेगमसाहिबा फटकन म्हणाल्या. “रेषा तर तुम्हालाच आहेत!”

“खरं आहे,” बाजी म्हणाल्या. “आणि तुम्हालाही.”

कॅप्टनने कप खाली ठेवला. पण तो बेगमसाहिबांकडे बघत नव्हता. तो बघत होता शम्साकडे. “मिस, तुमचा होणारा नवरा वकील आहे ना? बहिष्कारवाल्यांचे खटले चालवणारा?”

४

शम्सा तेवीस वर्षांची होती आणि तिची जीभ धारदार होती.

“हो, वकील आहे,” ती म्हणाली. “काळा कोट घालतो, पायी फिरतो. अजून काही विचारायचंय? त्याचा चपलेचा नंबर?”

“शम्सा,” बाजी हळूच म्हणाल्या.

“नाही बाजी, विचारू दे. खण माझा, गादी माझ्यापुढे, अंगठा माझा दिवसभर जांभळा. मीच असणार ना?” तिने अंगठा पुढे केला. खरंच जांभळा होता.

“मॅडम, मला वाटतं इथेच थांबू,” कॅप्टन म्हणाला. “मासी जाऊ दे. ही मुलगी जीपमध्ये.”

मासी एकदम पुढे आली. “तिच्यापेक्षा मला न्या साहेब. हिचं दोन महिन्यांनी लग्न आहे.”

“सगळे खाली बसा,” बाजी म्हणाल्या. आम्ही बसलो. कॅप्टनही. “साहेब, एक सांगा. आज बहिष्कारवाल्यांना काय हवं होतं?”

“सगळ्यांनी ‘नाही’ म्हणावं.”

“चूक. ‘नाही’ म्हणायला घरातून निघावं लागतं. त्यांना कोणी घरातून निघायलाच नको होतं. पेट्या रिकाम्या हव्या होत्या. उद्या रेडिओवर ऐकवलं जाईल की एवढे लोक आले, तो आकडा त्यांना लहान हवा होता. मग शम्साच्या वकिलाची बाजू घेणारा माणूस माझ्या पेटीत एकसष्टाचे दोनशे एकसष्ट करेल? स्वतःच्या हाताने स्वतःचा पराभव भरेल?”

कॅप्टनने खुर्ची पुढे ओढली.

“पेटी भरलेली कोणाला हवी होती? ज्याला सवालाचं उत्तर ‘हो’ हवं होतं त्याला. ज्याने कुठेतरी शब्द दिला होता की आमच्या केंद्रातून अडीचशे बायका काढून दाखवू त्याला.”

“पण मोहर तर ‘नाही’वर आहे!” बेगमसाहिबा म्हणाल्या. त्या हसत होत्या, मात्र हसू ओठांपाशीच थांबलं होतं. “उस्तानीजी, थकलात तुम्ही. ‘हो’ हवं असणारा ‘नाही’वर मोहर कशाला मारेल?”

“हाच तर सवाल आहे,” बाजी म्हणाल्या. “नय्यरा, त्या दोन बुकांमधले अंगठे परत बघ. रेषा नको बघू. टोक बघ.”

मी बघितलं. शम्साच्या बुकातला प्रत्येक अंगठा वर बघत होता, लिहिलेल्या आकड्याकडे. त्या दोनशेंपैकी प्रत्येकाचं डोकं खाली होतं.

“उलटे आहेत बाजी,” मी म्हणाले. “सगळेच्या सगळे.”

५

बाहेर सूर्य मशिदीच्या मिनाराआड गेला होता. कुदसिया बाजींनी खणातून एक न वापरलेलं बुक काढलं. वरचं आवरण कोरं, खाकी. दोन्ही हातांनी, अगदी अदबीने, त्यांनी ते बेगमसाहिबांपुढे धरलं.

“तुम्ही तर या कामात आमच्या पुढे आहात. साहेबांना जरा दाखवा, मत कसं द्यायचं.”

“मी कशाला?”

“अहो, दोन मिनिटांचं काम.”

बेगमसाहिबांनी बुक घेतलं. नाही म्हणायला काही कारणच नव्हतं. त्या डोंगरावरच्या गोऱ्या नन्सच्या शाळेत शिकलेल्या, हे त्या आम्हाला दर भेटीत ऐकवत. उर्दू त्यांना बोलता फर्डी यायची, वाचायची वेळ आली की चष्मा घरी राहिलेला असायचा. त्या दुपारीच देगीशेजारी बसून भाचीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी शम्साकडून वाचून घेतली होती.

त्यांनी बुक टेबलावर ठेवलं. शिवण डाव्या हाताला. आयुष्यभर इंग्रजी पुस्तकं उघडलेल्या हाताने आवरण उलटलं.

“सवाल वाचता का?” बाजी म्हणाल्या.

“चष्मा नाहीये.”

“राहू दे मग. नुसतं ‘हो’ कुठे ते दाखवा.”

“उजवीकडे,” बेगमसाहिबांनी बोट टेकवलं. बिनधास्त. “हे इथे. एवढं तर मूलही सांगेल.”

टेबलाच्या पलीकडे कॅप्टन सरफराज उभा होता. त्याला मजकूर सरळ दिसत होता, कारण बेगमसाहिबांना तो उलटा होता. आमची उर्दू बुकं उजवीकडे शिवलेली, उजवीकडून उघडायची. त्यांनी ते वरचं खाली करून धरलं होतं, आणि त्यांचं मेंदी लावलेलं बोट ‘नाही’च्या वर्तुळात होतं.

कॅप्टनने वाकून ते वर्तुळ वाचलं.

“बेगमसाहिबा,” बाजी म्हणाल्या, “दुपारी देग आणलीत तेव्हा तुमची बोटं गोरीपान होती. संध्याकाळी टोकापासून पेरापर्यंत मेंदीत बुडवून आलात. भाचीच्या लग्नाला अजून तीन आठवडे आहेत. एवढ्यात कोण मेंदी लावतं? जांभळी शाई साबणाने जात नाही, हे आम्हा मास्तरणींना पाठ आहे.”

बेगमसाहिबांनी हात मागे घेऊन दुपट्ट्यात लपवले. क्षणात त्यांची सगळी ऐट ओसरली आणि समोर एक घाबरलेली, थकलेली बाई उभी राहिली.

“ह्यांनी वरती शब्द दिला होता,” त्या म्हणाल्या. “मला म्हणाले, उजवीकडच्या गोलात मारत जा, झालं. देग चार माणसांत लवकर संपायची नाही, एक तास तरी मिळेल म्हणाले. मी... बोटं दुखली माझी. दोनशे झाले, मग पावलं ऐकू आली.”

“आणि मासीचं नाव का घेतलंत?”

“कोणाचं तरी घ्यायचं होतं,” त्या म्हणाल्या. बहुधा त्या दिवसातलं त्यांचं सगळ्यात खरं वाक्य.

कॅप्टनने टोपी काढली, परत घातली. “मॅडम, आता हे मी वर कसं लिहू? मला इथून मोठा आकडा हवा होता.”

“तुम्हाला दोन वाटा आहेत,” बाजी म्हणाल्या. “एक, हे दोनशे खरे धरा. मग सरकारच्या सवालाला एका शाळेतून दोनशे पाच जणींनी ‘नाही’ म्हटलं असं लिहा. दुसरी, हे खोटे धरा. मग खोटे कोणी घातले ते लिहावं लागेल, कौन्सिलर साहेबांच्या घरापर्यंत.”

“तिसरी?”

“तिसरी मी लिहून ठेवलीय.” त्यांनी निकालाचा तक्ता पुढे सरकवला. “मतं एकसष्ट. हो छप्पन्न, नाही पाच. दोनशे कागद हाताळताना खराब झाले, पाकिटात बंद, मोहर माझी. मासी घरी जाईल, शम्सा घरी जाईल, बेगमसाहिबाही जातील. सही करा.”

“माझ्या अख्ख्या भागात एवढा लहान आकडा दुसरा नसेल.”

“खरा आकडाही दुसरा नसेल.”

अजान सुरू झाली. कॅप्टनने पेन काढलं.

६

ट्रक गेला. जीप रिकामी गेली. बेगमसाहिबा मिठाईचा डबा तिथेच विसरल्या आणि शम्साने पहिला लाडू स्वतःच्या तोंडात टाकला.

“पुरावा नष्ट करतेय,” ती म्हणाली. आम्ही हसायला लागलो, आणि हसता हसता कोणाकोणाला रडू आलं ते कोणी बघितलं नाही.

बख्तावर मासी मात्र दारापाशीच बसून राहिली. कुदसिया बाजी तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. मी त्यांना जमिनीवर बसलेलं त्या आधी कधी बघितलं नव्हतं.

“बाजी,” मासी म्हणाली, “एक विचारू? मला धरून नेत होते त्या सवालापायी. तो सवाल होता तरी काय? सकाळपासून मी याच दारात होते. साठ बायका गेल्या. मला कोणी आत ये म्हणालंच नाही.”

मी माझ्या शाईच्या बाटलीकडे बघितलं. सहा पावलांवर बसलेल्या बाईला मी विचारलं नव्हतं.

बाजींनी कागद घेतला आणि सगळा सवाल वाचून दाखवला, सावकाश, पहिलीच्या मुलीला वाचून दाखवावा तसा. देशाचे कायदे कुराण आणि पैगंबरांच्या सुन्नतच्या हुकुमांप्रमाणे करायचं जे काम राष्ट्राध्यक्षांनी हाती घेतलंय, ते तुम्हाला मान्य आहे का? देशाची विचारसरणी जपण्यासाठी ते काम पुढे चालू राहावं आणि पक्कं व्हावं, असं तुम्हाला वाटतं का? आणि लोकांनी निवडलेल्यांच्या हाती सत्ता शांततेने, शिस्तीने सोपवली जावी, असं वाटतं का? आणि शेवटी बाजींनी कागदावर नसलेलंही सांगितलं, की याला ‘हो’ म्हटलं तर जनरलसाहेब अजून पाच वर्षं राहणार.

मासीने सगळं ऐकून घेतलं. बोटांवर काहीतरी मोजलं.

“हे तर चार सवाल आहेत,” ती म्हणाली. “आणि उत्तर एकच?”

“एकच.”

“अल्लाच्या हुकुमाला मी नाही कशी म्हणू? पाच वेळा डोकं टेकवते. पण माझ्या पोराला ज्यांनी आत टाकलं त्यांना हो कशी म्हणू?” तिने मान हलवली. “बाजी, असा सवाल कोण करतो माहितीये? ज्याला उत्तर ऐकायचं नसतं तो.”

दुसऱ्या दिवशी रेडिओने सांगितलं की देशातले बासष्ट टक्के लोक आले आणि जवळजवळ सगळ्यांनी ‘हो’ म्हटलं. शाळेत आम्ही तो आकडा उभ्यानेच ऐकला. कुदसिया बाजींनी रेडिओ बंद केला. मग त्या मासीला घेऊन वर्गात गेल्या आणि तिला पहिल्या बाकावर बसवलं, सहा वर्षांच्या मुलींमध्ये.

“पुढच्या वेळी कोणी कागद पुढे केला,” त्या म्हणाल्या, “तर तो तू स्वतः वाचायचा.”

मासी जून महिन्यापर्यंत अख्खं वाक्य वाचायला लागली. आपलं नाव लिहायला मात्र तिला त्याआधीच यायला लागलं होतं, आणि तेव्हापासून पगाराच्या वहीत तिने अंगठा कधी उमटवला नाही.